कर्नलच्या नेटवर्क कोडमध्ये हद्दीबाहेरचं वाचन कसं रोखायचं?

अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटोमेशन कंपनीत काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी लिनक्स गेटवेसाठी एक कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात बसणारा कोड, लिहिलं आहे. नेटफिल्टरच्या हुकवर, म्हणजे कर्नलमधून जाणारी पॅकेटं थांबवून पाहता येतात त्या जागी, बसून ते मॉडबस टीसीपीची (कारखान्यातली यंत्रं ज्या नियमांनी बोलतात त्याची) पॅकेटं तपासतं. त्या म्हणतात, "प्रत्येक ठिकाणी लांबी तपासते, तरी कासान (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू केलं की आठवड्यातून एखाद्या वेळी 'यूज-आफ्टर-फ्री, रीड ऑफ साइज २', म्हणजे सोडून दिलेल्या मेमरीतून दोन बाइट वाचले, असा रिपोर्ट येतो. शिवाय वरिष्ठांनी कोडवर 'आउट-ऑफ-बाउंड्स रीड शक्य' असा शेरा मारला आहे. अजून किती तपासण्या घालू? आणि आपण नुसतं वाचतोय, कुठे लिहीत तर नाही. मग एवढा धोका कसला?"

आधी शेवटचा प्रश्न घेतो. तो मनात तसाच राहिला तर तपासण्या केवळ वरिष्ठांच्या समाधानासाठी घातल्या जातात आणि नेमक्या चुकीच्या जागी पडतात.

२०१४ च्या एप्रिलमध्ये उघड झालेला हार्टब्लीड आठवा. ती चूक कर्नलमध्ये नव्हती, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत होती, पण जात तीच. समोरचा सांगायचा की माझ्या संदेशात सुमारे ६४ किलोबाइट आहेत, तेवढेच मला परत पाठव. प्रत्यक्षात पाठवायचा एखादाच बाइट. सर्व्हरने समोरच्याने सांगितलेला आकडा खरा धरला आणि त्या एका बाइटच्या पुढची मेमरी उचलून परत दिली. त्यात पासवर्ड निघाले, सर्व्हरच्या खासगी किल्ल्या निघाल्या. कुठेही एक बाइट लिहिला गेला नव्हता, सर्व्हर पडला नव्हता, लॉगमध्ये खूणही राहत नव्हती. पॅचचा गाभा म्हणजे एक तुलना होती: सांगितलेली लांबी आलेल्या रेकॉर्डमध्ये मावते का? मावत नसेल तर संदेश गुपचूप टाकून द्या.

कर्नलमधलं उदाहरण त्याहून जुनं आहे. इथरनेट फ्रेममध्ये किमान ४६ बाइटचा मजकूर लागतो. एआरपीचं (आयपी पत्त्यावरून हार्डवेअरचा पत्ता विचारणारं) पॅकेट २८ बाइटचं, म्हणजे १८ बाइट भरावे लागतात. ते शून्यांनी भरायचे असतात. २००३ साली लक्षात आलं की अनेक सिस्टिम्सचे ड्रायव्हर हे १८ बाइट भरतच नव्हते. बफरमध्ये आधी जे काही पडलेलं असेल ते तसंच तारेवर जात होतं. कुणाच्या तरी आधीच्या पॅकेटचे तुकडे शेजारच्या मशीनला फुकट मिळत होते. याला इथरलीक म्हणतात. हद्दीबाहेरचं वाचन म्हटलं की आपण येणाऱ्या पॅकेटचाच विचार करतो. इथे ते जाणाऱ्या पॅकेटमध्ये झालं, आणि कुठलाही हल्लेखोर काही पाठवत नसताना झालं.

आणि वाचनाने मशीन पडतही नाही असं नाही. काही वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात आमचा गेटवे रात्री-अपरात्री रीस्टार्ट व्हायचा. कधी दोन दिवसांनी, कधी चार तासांनी. मी तिथे सलग तीन रात्री बसलो. पॅनेल गरम होतं का, वीज खाली-वर होते का, सगळं पाहून झालं. शेवटी सिरियल कन्सोलवर ऊप्सचा, म्हणजे कर्नल चुकल्यावर उमटणाऱ्या संदेशाचा, ट्रेस पकडला. आमच्या ड्रायव्हरचं रिसीव्ह रिंग (आलेल्या फ्रेम ठेवायची खान्यांची रांग) व्हीमॅलॉक या कर्नल फंक्शनने घेतलेल्या मेमरीत होतं, त्यात २५६ खाने. एक जुना वीज मीटर अधूनमधून अपुरी फ्रेम पाठवायचा आणि आमचा पार्सर (फ्रेममधली फील्ड्स वाचणारा कोड) तिच्या शेवटानंतरचे काही बाइट वाचायचा. फ्रेम पहिल्या २५५ खान्यांत पडली तर पार्सर पुढच्या खान्यातला कचरा वाचून मुकाट पुढे जायचा. नेमकी शेवटच्या खान्यात पडली तर पुढे व्हीमॅलॉकची गार्ड पेज, म्हणजे मुद्दाम रिकामं सोडलेलं पान. तिथे मॅपिंगच नाही, म्हणून कर्नल कोसळायचा. बाकी २५५ वेळा तो चुकीचीच रीडिंग्ज नोंदवत होता, आणि त्यांच्याकडे महिनोन् महिने कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मला त्या रीस्टार्टपेक्षा त्या शांत २५५ वेळा जास्त लागून राहिल्या आहेत.

आता मुद्द्यावर येतो. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, त्यामुळे उदाहरण कांद्याचंच सुचतं. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेला शेतकरी सांगतो, "तीस क्विंटल असेल." तो खोटं बोलत नसतो, त्याचा तो अंदाज असतो. पण पैसे भुईकाट्याच्या पावतीवर मिळतात. पॅकेटमध्ये लिहिलेली प्रत्येक लांबी म्हणजे असाच तोंडी आकडा आहे: आयपी हेडरची लांबी, टीसीपीचा डेटा ऑफसेट (मजकूर कुठून सुरू होतो तो आकडा), ऑप्शनची लांबी, मॉडबसचं लेंग्थ फील्ड, त्याच्या आतला बाइट काउंट. काट्याची पावती एकच, ती म्हणजे हार्डवेअरने किंवा खालच्या थराने मोजून दिलेली, एसकेबीमधली (कर्नल प्रत्येक पॅकेट ज्या रचनेत ठेवतो तिच्यातली) लांबी. तोंडी आकडा कितीही वेळा दुसऱ्या तोंडी आकड्याशी ताडून पाहिला तरी त्याची पावती होत नाही.

तुम्ही "प्रत्येक ठिकाणी लांबी तपासते" म्हणता, तेव्हा कुठली लांबी कशाशी तपासता हे एकदा पाहा. मी असा कोड फार पाहिला आहे ज्यात रजिस्टर राइटच्या विनंतीत बाइट काउंट हा रजिस्टर संख्येच्या दुप्पट आहे का हे नीट तपासलेलं असतं. फंक्शन १६ साठी ती तपासणी योग्यच आहे, कारण एक रजिस्टर दोन बाइटचं. पण दोन्ही आकडे पाठवणाऱ्याचेच. त्याने १२३ रजिस्टरं आणि २४६ बाइट असं सुसंगत सांगितलं आणि पुढे चारच बाइट जोडले, तर ही तपासणी हसत-खेळत पास होते आणि पुढचा लूप २४२ बाइट पॅकेटच्या बाहेर वाचतो.

आता एसकेबीची रचना. ही डोळ्यांसमोर नसेल तर बाकीचं पुढे सरकत नाही. त्यात चार खुणा असतात: हेड, डेटा, टेल आणि एंड. हेड ते एंड हा बफर, आणि डेटा ते टेल एवढाच पॅकेटचा सलग भाग. टेल आणि एंडच्या मध्ये मोकळी जागा असू शकते. एंडच्या लगेच पुढे, त्याच अलोकेशनमध्ये, शेअर्ड इन्फो नावाचं स्ट्रक्चर बसलेलं असतं. त्यात पॅकेटच्या उरलेल्या तुकड्यांचे, म्हणजे फ्रॅग्जचे पत्ते असतात. पॅकेटचा सगळा मजकूर सलग भागात असेलच असं नाही. एकूण लांबी १४०० असते आणि सलग भागात फक्त ६६ बाइट, बाकीचे फ्रॅग्जमध्ये, असं रोज होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: एकूण लांबी पुरेशी आहे म्हणून डेटा पॉइंटरपासून तेवढं वाचणं चूक आहे. लांबी १४०० असली तरी पॉइंटरने चालत गेलात तर ६७ व्या बाइटपासून तुम्ही मोकळ्या जागेत आहात आणि अजून पुढे गेलात तर शेअर्ड इन्फोमध्ये. तिथले आकडे म्हणजे कर्नलचे पत्ते. ते कुठल्या उत्तरात, लॉगमध्ये किंवा आकडेवारीत बाहेर गेले, तर कर्नल मेमरीत कुठे बसला आहे हे लपवण्यासाठी केलेली सगळी मेहनत वाया जाते. दुसरी गोष्ट तुमच्या कासानबद्दलची आहे. कासान अलोकेशनच्या हद्दी राखतं, पॅकेटच्या नाही. टेलच्या पुढे पण त्याच अलोकेशनच्या आत वाचलं तर कासान गप्प बसतं, कारण त्याच्या लेखी ती जागा तुमचीच आहे. बरेच ड्रायव्हर एका पेजचे तुकडे करून बफर देतात. तिथे तर शेजारच्या तुकड्यात शिरलात तरी कासानला कळत नाही. म्हणून कासान शांत आहे याचा अर्थ "मला दिसलं नाही" एवढाच घ्या. रिपोर्ट आला तर मात्र तो गंभीरपणे घ्या, कितीही क्वचित येवो.

तुमचा आठवड्यातून एकदा येणारा रिपोर्ट. वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे की तो पीएसकेबी_मे_पुल नंतरच्या शिळ्या पॉइंटरचा आहे. हे फंक्शन विचारतं, "एवढे बाइट सलग भागात आहेत का? नसतील तर फ्रॅग्जमधून आणून ठेव." आणण्यासाठी टेलच्या पुढे जागा असेल आणि एसकेबी क्लोन केलेला (तोच बफर दुसऱ्या एसकेबीसोबत वाटून घेतलेला) नसेल, तर बाइट तिथेच उतरतात आणि काही हलत नाही. जागा पुरत नसेल किंवा एसकेबी क्लोन असेल, तर नवा बफर घेतला जातो, सगळं तिकडे कॉपी होतं आणि जुन्यावरचा आपला हक्क सोडला जातो. त्याआधी तुम्ही काढून ठेवलेला आयपी किंवा टीसीपी हेडरचा पॉइंटर अजून जुन्याच जागेकडे बोट दाखवत असतो. घर बदललं आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, तसं. बहुतेक पॅकेटांना बफर हलवायची गरज पडत नाही, म्हणून चूक दिवसेंदिवस झोपून राहते. कुणी त्या वेळी टीसीपीडम्प हे पॅकेटं टिपणारं साधन लावून बसलं असेल तर क्लोन जास्त होतात आणि रिपोर्ट यायची शक्यता वाढते. तुमच्याकडे तो येतो तेव्हा कुणी कॅप्चर चालवत होतं का हे विचारून पाहा. "रीड ऑफ साइज २" म्हणजे बहुधा पोर्ट क्रमांकाचं वाचन असावं. मॉडबसच्या ५०२ या पोर्टशी तुलना करणारी ती ओळ आधी तपासा.

उपाय दोन. एक, पुल नंतर प्रत्येक पॉइंटर नव्याने काढा, अपवाद न करता. दुसरा, मला तुमच्या कामासाठी जास्त पटणारा: तुम्ही पॅकेट बदलत नाही, फक्त बघता, तर पुल करूच नका. एसकेबी_हेडर_पॉइंटर वापरा. त्याला ऑफसेट, लांबी आणि स्टॅकवरचा एक छोटा बफर द्यायचा. बाइट सलग असतील तर तो थेट पॉइंटर देतो, तुकड्यांत असतील तर तुमच्या बफरमध्ये कॉपी करून त्याचा पत्ता देतो, आणि पुरेसे नसतील तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. तो एसकेबीला हात लावत नाही, त्यामुळे काहीच शिळं होत नाही. पथ्य इतकंच की मिळालेल्या पॉइंटरवर लिहायचं नाही आणि नल तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऑफसेट डेटापासून मोजला जातो हेही ध्यानात ठेवा. तुमच्या हुकवर डेटा आयपी हेडरपाशी असतो, दुसऱ्या हुकवर तो वेगळीकडे असू शकतो.

नमुना म्हणून कर्नलच्याच आयपीव्ही४ इनपुटचा कोड वाचा. प्रत्येक नवीन मुलाला मी पहिल्या आठवड्यात तोच वाचायला देतो. तिथला क्रम असा आहे: आधी २० बाइट सलग करून घेतले जातात, कारण त्याशिवाय हेडरची लांबी लिहिलेला बाइटसुद्धा वाचायचा अधिकार नाही. मग व्हर्जन ४ आहे का आणि हेडरची लांबी किमान ५ शब्द (एक शब्द ४ बाइटचा) आहे का. हे फील्ड चार बिटांचं, म्हणजे कमाल १५ शब्द, ६० बाइट. मग तेवढे बाइट पुन्हा सलग करून घेतले जातात, आणि लगेच हेडरचा पॉइंटर नव्याने काढला जातो. त्यानंतर चेकसम. मग एकूण लांबीचं फील्ड दोन्ही बाजूंनी तपासलं जातं: मोजलेल्या लांबीपेक्षा जास्त नको, हेडरच्या लांबीपेक्षा कमी नको. आणि शेवटी पॅकेट त्या लांबीला कापलं जातं, कारण इथरनेटने पाठीमागे भरलेले बाइट चिकटून आलेले असू शकतात. थोडं विचारायचं, तेवढंच वाचायचं, वाचलेल्यावरून पुढचं विचारायचं. सगळ्या तपासण्या वरच्या वर उरकून मग बिनधास्त वाचायचं असं त्यात कुठेही नाही.

तुमच्या हुकपर्यंत पॅकेट येतं तेव्हा आयपी हेडरची ही तपासणी झालेली असते. टीसीपी हेडरची झालेलीच असेल असं धरू नका, विशेषतः फॉरवर्ड होणाऱ्या पॅकेटांत. आणि पहिला सोडून इतर फ्रॅगमेंटमध्ये टीसीपी हेडर नसतोच. तिथे हेडर म्हणून जे वाचाल ते हद्दीत असूनही निरर्थक असेल.

आता आकडेमोड. अर्ध्याअधिक चुका तपासणी नसल्याने होत नाहीत, तपासणीतलं गणित चुकल्याने होतात. मॉडबसचा एमबीएपी हेडर ७ बाइटचा आहे: ट्रान्झॅक्शन २, प्रोटोकॉल २, लेंग्थ २, युनिट १. लेंग्थमध्ये युनिटचा बाइट धरलेला असतो, म्हणून सगळे जण पुढच्या भागाची लांबी काढताना लेंग्थमधून एक वजा करतात. पाठवणाऱ्याने लेंग्थ शून्य टाकली तर? उत्तर उणे एक. ते १६ बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवलं की ६५५३५. मग "कमाल २५३ पेक्षा मोठी नको" ही तपासणी वजाबाकीच्या आधी होती की नंतर, यावर सगळं अवलंबून. वजाबाकीच्या आधी खालची मर्यादा तपासायची सवय लावा: लेंग्थ किमान २ आहे का, युनिट आणि फंक्शन कोडसाठी. बेरजेचंही तसंच. "ऑफसेट अधिक लांबी एकूणपेक्षा मोठी आहे का" असं लिहिलं की बेरीज ओसंडून लहान होऊ शकते. "लांबी ही एकूण वजा ऑफसेटपेक्षा मोठी आहे का" असं लिहा, ऑफसेट एकूणपेक्षा मोठा नाही याची खात्री आधी करून. कर्नलमध्ये चेक_ॲड_ओव्हरफ्लो आहे, तेही वापरा, पण बाकी किती उरलं या भाषेत विचार करायची सवय लागली की त्याची गरजही कमी पडते.

ऑप्शन्सच्या लूपबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे अनुभवी लोकही चुकले आहेत. टीसीपी ऑप्शन एक बाइटचा असू शकतो, शेवटाचा किंवा नॉपचा (काहीच न करणारा). नाहीतर पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी. लूपची अट "उरलेले बाइट शून्यापेक्षा जास्त" अशी असते. उरलेला बाइट एकच असेल आणि तो नॉप नसेल, तर लांबीचा बाइट वाचायला गेलं की एक बाइट हद्दीबाहेर. लिनक्सच्या मुख्य टीसीपी कोडमध्ये "दोनपेक्षा कमी उरले तर परत फिर" ही ओळ २०१९ मध्ये आली. इतकी वर्षं जगभर चालणाऱ्या कोडमध्ये ती नव्हती. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. तोच लूप कर्नलच्याच इतर भागांत, म्हणजे सिनप्रॉक्सीत, एमपीटीसीपीत आणि केक या क्यू शिस्तीच्या कोडमध्येही तसाच होता, आणि तिथली दुरुस्ती २०२१ च्या जूनमध्ये झाली. मूळ जागी चूक सुधारली, नकला तशाच राहिल्या. म्हणून एक चूक सापडली की पॅच पाठवण्याआधी तोच आकार सगळ्या कोडमध्ये शोधा. तुमच्या मॉड्यूलमध्ये टीसीपी ऑप्शन्स चालणारा लूप कुठून उचलला असेल, तर तो कुठल्या सालचा आहे ते बघा. आणि लांबी दोनपेक्षा कमी सांगणारा ऑप्शनही नाकारा. शून्य लांबीवर लूप जागच्या जागी फिरत बसतो, आणि कर्नलमध्ये तसं फिरणं म्हणजे मशीन अडकणं.

पॅकेटच्या बाहेरची एक जागा लोक विसरतात: पॅकेटमधला आकडा इंडेक्स म्हणून वापरून केलेलं आपल्याच ॲरेचं वाचन. फंक्शन कोडवरून हँडलर निवडायचं टेबल तुमच्याकडे असेलच. टेबल १२८ खान्यांचं आणि कोड बाइटभर, म्हणजे २५५ पर्यंत. मॉडबसमध्ये अपवादाच्या उत्तरात कोडचा वरचा बिट लावलेला असतो, त्यामुळे १२८ च्या वरचे कोड कुणी हल्ला न करताही येतात. तपासणी तर हवीच. शिवाय २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर उघड झाल्यापासून आपल्याला माहीत आहे की प्रोसेसर तपासणीचा निकाल लागण्याआधीच अंदाजाने पुढे वाचतो आणि त्याची खूण कॅशमध्ये राहते. बाहेरून आलेल्या इंडेक्ससाठी कर्नलमध्ये ॲरे_इंडेक्स_नोस्पेक आहे. तपासणीनंतर लगेच ते लावा.

नेटलिंकवरून, म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातल्या संदेशमार्गावरून, मॉड्यूलला सेटिंग्ज देत असाल तर तिथेही हाच नियम. ॲट्रिब्यूट आहे एवढं पाहून त्यातून ३२ बिट वाचू नका, तो चार बाइटचा आहे याची हमी पॉलिसी टेबलने द्यायची असते. पॉलिसीत एक ओळ राहिली की ती हमी नाही.

तुमचा मुख्य प्रश्न होता, तपासण्या अजून किती घालू. माझं मत, जागोजागी विखुरलेल्या तपासण्या कमी करा. तपासणी आणि वाचन एकाच हातात द्या. एक लहानसं स्ट्रक्चर करा: सध्याची जागा आणि उरलेले बाइट. त्यावर चारच फंक्शनं: एक बाइट दे, दोन बाइट बिग-एंडियन (वजनदार बाइट आधी) दे, इतके बाइट ओलांड, इतक्या बाइटचा लहान तुकडा वेगळा करून दे. प्रत्येक जण आधी उरलेले मोजतो आणि कमी असतील तर चुकीची खूण लावतो. एकदा लागलेली खूण पुसली जात नाही, पुढची सगळी वाचनं शून्य देतात. पार्सरमध्ये दुसरीकडे कुठेही पॉइंटरला हात लावायचा नाही. मग वरिष्ठांना पन्नास ओळी तपासायच्या नसतात, त्या चार फंक्शनांच्या वीसेक ओळी तपासल्या की झालं. "इतक्या बाइटचा तुकडा" हे चौथं फंक्शन विशेष कामाचं. बाइट काउंट २४६ सांगितला आणि उरले चार, तर तुकडाच मिळत नाही. मिळाला तर आतला लूप त्या तुकड्याच्या बाहेर जाऊच शकत नाही. शेतीच्या भाषेत, नांगर घालण्याआधी बांध घातला.

वेगाची काळजी करू नका. जो बाइट तुम्ही वाचणारच आहात तो कॅशमध्ये येण्याला लागणाऱ्या वेळेपुढे एका तुलनेची किंमत काहीच नाही.

याचा मोठा फायदा चाचणीत मिळतो. पार्सर "ही जागा, एवढी लांबी" इतकंच मागत असेल, तर तोच कोड यूजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रामसारखा, ॲड्रेस सॅनिटायझर (कासानचा तिथला भाऊ) आणि लिबफझर (वेडंवाकडं इनपुट आपोआप बनवून देणारं साधन, म्हणजे फझर) यांच्यासोबत चालवता येतो. प्रत्येक इनपुट नेमक्या त्याच लांबीच्या मॅलॉकमध्ये कॉपी करा. १३ बाइटच्या अलोकेशनचा चौदावा बाइट वाचला तरी सॅनिटायझर ओरडतो. एसकेबीमध्ये टेलपुढची मोकळी जागा आणि शेअर्ड इन्फो जी चूक झाकून ठेवतात, ती इथे उघडी पडते. कर्नलच्या आत कासान असलं तरी नेमक्या लांबीच्या केमॅलॉकमध्ये कॉपी करून कयुनिट (कर्नलची चाचणी-चौकट) चाचणी लिहिता येते. फझरच्या आधी एक अगदी साधी चाचणी करा. कारखान्यातून कॅप्चर केलेली खरी पॅकेटं घ्या आणि प्रत्येक पॅकेट शून्य बाइटपासून पूर्ण लांबीपर्यंत एकेक बाइट वाढवत कापून पार्सरला द्या. २६० बाइटच्या मॉडबस संदेशाचे २६१ तुकडे, एवढंच. मी पाहिलेल्या नव्या पार्सरांपैकी बरेच इथेच सापडले.

त्यानंतर पूर्ण मॉड्यूल. टन ड्रायव्हरच्या टॅप उपकरणातून (आभासी नेटवर्क कार्डातून) पॅकेट आत सोडा, आयएफएफ_नॅपी_फ्रॅग्ज लावून, म्हणजे हेडर मुद्दाम फ्रॅग्जमध्ये विभागून येतील. तुमची शिळ्या पॉइंटरची चूक आठवड्याऐवजी काही मिनिटांत दिसायला लागेल असा माझा अंदाज आहे. सिझकॉलर हा कर्नलसाठीचा फझर हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. लिनक्स ६.१ पासून केएमसॅन हे साधनही मुख्य कर्नलमध्ये आहे. न भरलेली मेमरी निर्णयासाठी वापरली किंवा बाहेर पाठवली तर ते पकडतं, म्हणजे कासान जिथे गप्प बसतं तिथे बऱ्याचदा ते बोलतं. मात्र त्या जागेत जुन्याच पॅकेटचे बाइट असतील तर तेही फसतं, कारण ती मेमरी त्याच्या दृष्टीने भरलेली असते. गेटवेवर प्रत्यक्ष चालणाऱ्या कर्नलमध्ये निदान केफेन्स हे कासानसारखंच पण हलकं साधन चालू ठेवा. ते थोड्याच अलोकेशनवर नजर ठेवतं, पण बसवलेली उपकरणं बरीच असतील तर कुठल्या तरी एकावर चूक पकडली जाते.

सराव म्हणून तोच पार्सर एकदा एक्सडीपी प्रोग्राम म्हणून, म्हणजे पॅकेट ड्रायव्हरपाशीच तपासणारा आणि कर्नलने लोड करण्याआधी पडताळलेला छोटा प्रोग्राम म्हणून, लिहून पाहा. तिथे तुम्हाला डेटा आणि डेटा_एंड असे दोन पॉइंटर मिळतात, आणि प्रत्येक वाचनाआधी डेटा_एंडशी तुलना केली नाही तर ही पडताळणी करणारा व्हेरिफायर प्रोग्राम लोडच करू देत नाही. पहिले दोन दिवस चिडचिड होते. मग हात बसतो, आणि सी मध्ये परत आल्यावरही तुलना आपोआप आधी लिहिली जाते.

आणि एक गोष्ट, जी ऐकायला आवडणार नाही. मॉडबसचा संदेश टीसीपीच्या प्रवाहातून येतो. एक संदेश दोन सेगमेंटमध्ये तुटून येऊ शकतो, दोन संदेश एका सेगमेंटमध्ये येऊ शकतात. लेंग्थ २०० सांगते आणि या पॅकेटमध्ये ९० च बाइट आहेत, तर समोरचा खोटं बोलत नसेलही, बाकीचे मागून येत असतील. पॅकेट-पॅकेट बघणारा तुमचा हुक अशा संदेशाचं काय करतो? टाकून दिला तर कारखान्याचं काम अडेल, सोडून दिला तर तपासणीला अर्थ नाही, आणि जोडायला गेलात तर कर्नलमध्ये अर्धवट टीसीपी लिहून बसाल. माझा सल्ला असा की हुकमध्ये फक्त पत्ते आणि पोर्ट बघा, आणि ५०२ चा प्रवाह यूजर स्पेसमधल्या प्रॉक्सीकडे (मध्ये बसून दोन्ही बाजूंशी बोलणाऱ्या प्रोग्रामकडे) वळवा. तिथे प्रवाह सॉकेटवरून नीट क्रमाने मिळतो. तिथे हद्द ओलांडली गेली तरी कोसळतो तो एक प्रोसेस, तो पुन्हा उठतो, आणि त्याच्या मेमरीत अख्ख्या गेटवेची गुपितं नसतात. एका उत्पादनाच्या गेटवेला लागणारा मॉडबसचा वेग एवढा नसतो की त्यासाठी कर्नलमध्ये शिरावं.

हा बदल वरिष्ठांच्या गळी उतरायला वेळ लागेल, तोवर सध्याचं मॉड्यूल चालवावं लागणारच. म्हणून आज एवढं करा: पुल काढून एसकेबी_हेडर_पॉइंटर लावा, लेंग्थची वजाबाकी तपासणीच्या खाली न्या, आणि कापलेल्या पॅकेटांची चाचणी रात्रभर कासानखाली लावून ठेवा. सकाळी रिपोर्ट आला तर स्टॅक ट्रेस, कर्नलची आवृत्ती आणि ज्या लांबीवर पॅकेट कापलं होतं तो आकडा इथेच टाका, पाहतो.